फॉइल सर्फिंगमध्ये लीश मास्टला गुंडाळणे, पाण्यात ओढणे आणि तुटणे: वारंवार येणाऱ्या अडचणीचे निवारण

फॉइल सर्फिंग, म्हणजे तळाला पाण्याखालचे पंख लावलेल्या बोर्डावरचे सर्फिंग, करणाऱ्यांना लीशचा, म्हणजे पाय आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या दोरीचा, जो त्रास होतो तो मुळात एकच असतो, त्याची रूपे मात्र निरनिराळी दिसतात. बोर्ड पाण्यावर उचलला जातो, वेग येतो आणि तेवढ्यात मागच्या पायाला ओढ बसते. पडल्यानंतर बोर्ड सरळ करून वर चढावे, तर दोरीचा एक वेढा मास्टभोवती, म्हणजे बोर्डाखालच्या उभ्या खांबाभोवती, बसलेला असतो. किनाऱ्यावर आल्यावर लीश धुताना बोटाला दोरीवरची एखादी खाच लागते. अशा वेळी बहुतेक जण नवी लीश घेतात. आधीची लांब असेल तर आखूड, बारीक असेल तर जाड. काही दिवस बरे जातात आणि तोच त्रास पुन्हा सुरू होतो, कारण या अडचणीत लांबी आणि जाडी यांचा वाटा कमी असतो. पाय आणि बोर्ड यांच्यामध्ये जी दोरी ताणाखाली नसते, ती ढिली दोरी नेमकी कुठे पडते हे आधी पाहायला हवे. लीशची निवड ही त्यानंतरची गोष्ट आहे.

साध्या सर्फबोर्डवर ढिली दोरी बोर्डाच्या मागे पाण्यात पडली तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथे अडकण्यासारखे फक्त तळाचे वीतभरापेक्षाही लहान फिन (माशाच्या परासारखे भाग) असतात. फॉइल बोर्डाच्या खाली ६० ते ९० सेंमी लांबीचा मास्ट असतो, मास्टच्या तळाशी आडवा दांडा म्हणजे फ्यूजलाज असते, त्याच्या पुढच्या टोकाला मोठा पंख आणि मागच्या टोकाला लहान पंख म्हणजे स्टॅबिलायझर असतो. लाटांवर वापरले जाणारे फॉइल बोर्ड हल्ली इतके आखूड झाले आहेत की स्टॅबिलायझर थेट टेलच्या (बोर्डाच्या मागच्या टोकाच्या) खाली, कधी टेलच्याही थोडा मागे येतो. म्हणजे टेलवरून घरंगळलेला दोरीचा फास जिथे लोंबतो, तिथेच खाली अडकण्याची जागा तयार असते. त्यातच बोर्ड पाण्यातून वर उचलला जात असल्यामुळे दोरी बोर्डाच्या आधाराने तरंगत नाही, ती हवेतून खाली लोंबते आणि तिचे टोक पाण्यात शिरते. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की तीच दोरी चौपट जोराने मागे ओढते. सर्फबोर्डवर कधी न जाणवलेली लीश फॉइलवर एकदम नको तेवढी जाणवू लागते, त्याचे कारण हे आहे.

कोरड्या जमिनीवरची तपासणी

पाण्यात जाण्यापूर्वी एक तपासणी करावी. तिला फार वेळ लागत नाही आणि तिच्यातून जे कळते ते पाण्यात अनेकदा पडूनही कळत नाही. फॉइल लावलेला बोर्ड दोन भक्कम स्टुलांवर असा आडवा ठेवावा की मास्ट दोन्हींच्या मधून खाली मोकळा लोंबेल आणि टेलचा भाग अधांतरी राहील. मागचा पाय जिथे ठेवला जातो त्या जागी डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, पाण्याने भरलेली मोठी बाटली उभी करावी आणि तिच्या बुडाजवळ लीशचा कफ, म्हणजे पायाला बांधायचा पट्टा, बांधावा. मग बाकीची दोरी हाताने सोडून द्यावी आणि ती आपोआप कुठे जाते ते पाहावे. ती टेलवरून मागे पडते का, रेलवरून (बोर्डाच्या बाजूच्या कडेवरून) बाजूला पडते का, आणि बोर्डाच्या तळापासून तिचा सर्वांत खालचा भाग किती खाली जातो, हे मोजपट्टीने मोजावे.

उदाहरणादाखल एक हिशोब मांडतो. लीश ६ फुटी, म्हणजे सुमारे १८० सेंमी आहे. प्लग, म्हणजे लीश अडकवण्याची डेकवरची खोबण, टेलच्या काठापासून १० सेंमी आत आहे आणि घोटा त्याच काठापासून ४० सेंमी पुढे आहे. एकूण ५० सेंमी दोरी डेकवर खर्च होते आणि उरलेली १३० सेंमी दोरी टेलवरून दुमडून लोंबते, म्हणजे फास सुमारे ६५ सेंमी खाली जातो. मास्ट ७५ सेंमीचा असेल आणि तो निम्मा पाण्याबाहेर राहत असेल, तर बोर्ड आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम ३७ सेंमी अंतर उरते. याचा अर्थ दोन्ही पदर धरून अर्ध्या मीटरहून अधिक दोरी पाण्यात राहते. आता ५ फुटी लीश घेतली असे समजू. उरलेली दोरी १०० सेंमी, फास ५० सेंमी खाली, आणि दोरी तरीही पाण्यातच. लीश एक फुटाने आखूड केली, पडल्यानंतर फॉइलपासून मिळणारे अंतर एक फुटाने कमी झाले, आणि मूळ त्रास मात्र राहिला. नवी लीश घेऊनही समाधान का होत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. प्रत्यक्ष वेगात दोरी सरळ खाली न लोंबता मागे तरंगते हे खरे, पण बोर्ड उचलला जाण्याचा क्षण, वेग मंदावल्यावर पंपिंग (पायांनी बोर्ड वरखाली दाबत वेग घेणे) सुरू करण्याचा क्षण आणि पडण्याचा क्षण, या तिन्ही वेळी वेग कमी असतो आणि दोरी या हिशोबाच्या जवळपास वागते. अडकण्याचे प्रसंगही बहुधा याच वेळी येतात.

आता तोच कफ बाटलीच्या बुडाशी न बांधता गुडघ्याखाली येईल इतक्या उंचीवर, म्हणजे डेकपासून ४० सेंमीवर धरून पाहावा. कफपासून टेलच्या काठापर्यंतचे तिरके अंतर सुमारे ५७ सेंमी होते. ५ फुटी लीशचा फास आता ४० सेंमीच्या आसपास खाली जातो. गुडघे वाकवून उभ्या असलेल्या माणसाची कंबर डेकपासून ७५ सेंमी उंचीवर आहे असे धरले, तर हेच तिरके अंतर ८५ सेंमी होते आणि ५ फुटी दोरीचा फास फक्त २७ सेंमी खाली येतो. तो पाण्याला टेकतच नाही. लीश तीच, लांबी तीच. फक्त ती अंगावर कुठे बांधली यावरून हा सगळा फरक पडतो. आपल्या बोर्डाचे आणि मास्टचे आकडे घालून हा हिशोब ज्याने त्याने करावा, कारण टेलची लांबी आणि उभे राहण्याची जागा बदलली की उत्तर बदलते.

कुठे बांधावी, आणि सरळ की कॉइल

पोटावर झोपून पॅडल करत लाट पकडणाऱ्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: घोट्याऐवजी गुडघ्याखाली पोटरीच्या वरच्या भागावर बांधलेली सरळ लीश हा सर्वांत कमी तापदायक पर्याय आहे. उभे राहताना दोरीवर पाय पडण्याचा प्रसंग कमी येतो, ढिला भाग वर उचलला जातो, आणि कफ हाताच्या टप्प्यात राहतो. यासाठी पोटरीच्या मापाचा कफ लागतो. घोट्याचा कफ ओढून ताणून पोटरीवर बसवला की वेल्क्रोचे दोन्ही भाग एकमेकांवर पुरेसे येत नाहीत आणि पहिल्याच मोठ्या झटक्यात तो उघडतो. कफवरचा जो टोकदार भाग दोरीला धरून असतो, तो पायाच्या बाहेरच्या अंगाला आणि थोडा मागे वळलेला असावा. आतल्या बाजूला वळला की दोरी दोन्ही पायांच्या मध्ये येते.

जाडीबद्दल थोडक्यात सांगायचे तर लहान लाटांसाठी ५.५ ते ६ मिमी आणि अधिक जोराच्या लाटांसाठी ७ मिमी हे बहुतेकांना पुरते. बारीक दोरीला पाण्याचा रोध कमी असतो, पण तीच खाच पडली तर बारीक दोरीत उरलेला भाग प्रमाणाने कमी राहतो. फॉइलच्या कडा लक्षात घेता अगदी बारीक स्पर्धेची लीश रोजच्या वापरासाठी मी सुचवणार नाही.

कॉइल लीश, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळ्या असलेली, ही ढिल्या दोरीच्या प्रश्नावरचे सरळ उत्तर वाटते. ती आपोआप आक्रसते, डेकवरच बसते आणि पाण्याला लागत नाही. हातात शिडासारखी विंग धरून वाऱ्यावर चालणाऱ्या विंग फॉइलिंगमध्ये किंवा वाऱ्याच्या दिशेने लांब अंतर कापणाऱ्या डाउनविंड फॉइलिंगमध्ये कमरेच्या पट्ट्याला जोडलेली कॉइल लीश मला सर्वांत योग्य वाटते. तिथे खरा धोका बोर्ड हातचा जाण्याचा असतो. खुल्या पाण्यात वारा मोकळा बोर्ड इतक्या वेगाने वाहून नेतो की पोहून तो गाठता येत नाही.

फुटणाऱ्या लाटांमध्ये मात्र चित्र वेगळे होते. लाट बोर्डाला धरून किनाऱ्याकडे खेचते, गुंडाळ्या पूर्ण उलगडतात, आणि लाटेची पकड सुटली की साठलेला ताण बोर्डाला माणसाच्या दिशेने परत ओढतो. साधा बोर्ड परत आला तर मार बसतो, फॉइल परत आले तर खोल जखम होते. लीशच्या उलट झटक्याचा धोका लीशइतकाच जुना आहे. सुरुवातीच्या लीश ताणणाऱ्या रबरी नळीच्या असत, आणि वेटसूटमुळे (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखामुळे) प्रसिद्ध झालेले जॅक ओ'नील यांनी १९७१ मध्ये लीशच्या अशाच अपघातात डाव्या डोळ्याची दृष्टी गमावली. त्यानंतर दोऱ्या कमी ताणणाऱ्या युरेथेन प्लास्टिकच्या झाल्या, तरी युरेथेनही ताणते आणि आखडतेच. ज्यांना लाटांमध्येही ढिली दोरी आवरायची आहे त्यांनी अर्धी सरळ आणि अर्धी कॉइल अशी मिश्र लीश पाहावी. तिच्यात कॉइलचा भाग पायाकडे येईल असे ठेवावे, म्हणजे टेलपाशी सरळ भाग राहतो आणि स्टॅबिलायझरच्या टोकात गुंडाळी अडकत नाही. गुंडाळीत पंखाचे टोक शिरले की ते निघता निघत नाही.

मास्टभोवती वेढा बसतो तेव्हा

वेढा बसण्याची क्रिया अशी असते. माणूस पडतो, बोर्ड कुशीवर होतो किंवा पूर्ण उलटतो, आणि मास्ट वर येतो. आता दोरी मास्टच्या एका बाजूला असते. बोर्ड सरळ करताना तो दोरीच्या बाजूने, म्हणजे त्या बाजूची कड वर उचलून, वळवला तर दोरी मोकळी सुटते. उलट बाजूने वळवला तर मास्ट दोरीवरून खाली जातो आणि वेढा पक्का होतो. पाण्यात असताना हे दिसत नाही, कारण वेढा पाण्याखाली असतो. म्हणून बोर्ड उलटा असतानाच, मास्ट डोळ्यांसमोर असताना, दोरी कोणत्या बाजूला आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी आणि त्याच बाजूने बोर्ड वळवावा.

वर चढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. कफपासून सुरुवात करून दोरी मुठीत सैल धरावी आणि हात प्लगपर्यंत सरकवत न्यावा. हात डेकवरून सरळ प्लगपाशी पोहोचला तर मार्ग मोकळा आहे. हात बोर्डाच्या खाली जाऊ लागला तर तिथेच थांबावे. पुढे हात घालू नये, कारण पंखाच्या कडा तिथेच आहेत आणि येणारी लाट बोर्ड खाली दाबू शकते. बोर्ड पुन्हा उलटा करून वेढा डोळ्यांनी पाहून सोडवावा. हे करायला दोन लाटा सोडाव्या लागल्या तरी चालेल.

वेढा दर वेळी एकाच बाजूने बसत असेल तर कारण बहुधा चढण्याच्या पद्धतीत असते. ज्या पायाला लीश आहे त्याच्या विरुद्ध बाजूने चढले की तो पाय टेलमागून पाण्यात फिरवून पलीकडे न्यावा लागतो, आणि आखूड बोर्डावर झोपल्यावर पाय मास्टच्या दोन्ही बाजूंना लोंबत असल्यामुळे दोरीला मास्टच्या मागून फिरायला जागा मिळते. लीश असलेल्या पायाच्या बाजूनेच चढायला सुरुवात केली की हा प्रकार बऱ्याच अंशी थांबतो. सवय बदलणे अवघड वाटत असेल तर लीशच दुसऱ्या पायाला बांधून पाहावी. मागच्या पायालाच बांधली पाहिजे ही साध्या सर्फिंगची रीत आहे, आणि फॉइलवर एकदा उभे राहिल्यावर पाय फारसे हलत नसल्याने ती रीत मोडल्याने मोठे नुकसान होत नाही.

स्विव्हल, म्हणजे दोरीच्या टोकाचा गिरकी घेणारा सांधा, मिठाने किंवा वाळूने जाम झाला असेल तरीही वेढे वाढतात. कफ एका हातात धरून दुसऱ्या हाताने दोरीला पीळ द्यावा. सोडल्यावर दोरी लगेच मोकळी फिरली पाहिजे. ती पीळ धरून राहत असेल तर स्विव्हल कोमट गोड्या पाण्यात भिजवून हाताने फिरवत राहावे. तरीही अडखळत असेल किंवा पिनेवर गंज दिसत असेल तर ती लीश बदलावी. पीळ साठलेली दोरी ढिली पडताच स्वतःभोवतीच आटे तयार करते, आणि तो प्रत्येक आटा मास्टसाठी तयार फास असतो.

खाचा, आणि दोरी तुटण्यापूर्वीची लक्षणे

फॉइलच्या पंखांची मागची कड पातळ असते, आणि नव्या कार्बन पंखांवर ती अनेकदा गरजेपेक्षा अधिक धारदार असते. दोरी तिच्यावरून ताणाखाली एकदा घासली तरी पुरते. युरेथेनची दोरी झिजून हळूहळू कमकुवत होते असे सहसा घडत नाही. तिला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक ताणात ती खाच आत आत फाटत जाते. वरून पाहिले तर खाच केसासारखी दिसते. दोरी तिथे दोन्ही हातांनी धरून खाच बाहेरच्या अंगाला येईल अशी वाकवावी. खाच खोल असेल तर ती ओठांसारखी उघडते आणि आतला रंग वेगळा, फिकट दिसतो. नख त्यात अडकले तर ती लीश पाण्यात नेऊ नये. गोंद लावणे, चिकटपट्टी गुंडाळणे किंवा खराब भाग कापून गाठ मारणे, यांपैकी काहीही युरेथेनवर विश्वासाने टिकत नाही. गाठ तर दुहेरी नुकसान करते, कारण तिथे दोरी कमकुवत होते आणि गाठ स्वतःच स्टॅबिलायझरला अडकते.

खाच कुठे पडली हे पाहिले तर कारण कळते. प्लगपासून एक-दीड फुटाच्या आत पडलेली खाच बहुधा स्टॅबिलायझरची असते आणि ती टेलवरून लोंबणाऱ्या फासाकडे बोट दाखवते. दोरीच्या मधल्या भागातली खाच मास्टच्या किंवा पुढच्या पंखाच्या कडेची, म्हणजे वेढा बसल्याची खूण असते. कफजवळच्या खाचा बऱ्याचदा फॉइलच्या नसतात. गाडीत किंवा पिशवीत लीश पंखाखाली दाबली गेल्याने त्या पडतात, आणि लीश वेगळी ठेवली की थांबतात.

पंखाची मागची कड आणि टोके हाताला चरचरीत लागत असतील तर ४०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिशपेपरने कडेच्या दिशेने हलके दोन-तीन हात फिरवून ती धार मोडता येते. कडेचा आकार बदलायचा नाही, फक्त त्वचेला आणि दोरीला कापणारी धार घालवायची आहे. पंखाच्या हमीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि पुढच्या कडेला हात लावू नये.

बोर्डाकडचे टोक

लीश प्लगमधून जाणारी लहान दोरी फार लांब ठेवणे ही चूक इतकी सर्वत्र दिसते की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ही दोरी बारीक आणि कडक असते. ती टेलच्या काठावर पोहोचत असेल तर ताण आल्यावर ती बोर्डाच्या कडेत आरीसारखी शिरते. फॉइलचे वजन आणि पाण्यातली पकड यांमुळे हा ताण साध्या बोर्डापेक्षा बराच जास्त असतो. काठावर रेल सेव्हरची, म्हणजे लीशच्या बोर्डाकडच्या टोकाची, रुंद पट्टीच बसली पाहिजे, बारीक दोरी नव्हे. दोरी दुमडून तिचा मधला भाग प्लगच्या आडव्या पिनेखालून ओवावा, मोकळी टोके त्यातून काढून आवळावीत, टोकांची गाठ रेल सेव्हरच्या वेल्क्रोच्या आत लपवावी, आणि नंतर पट्टी टेलकडे ओढून पाहावी. गाठ डेकवर राहिली आणि काठावर पट्टी आली, तर मांडणी बरोबर आहे.

टेलच्या प्लगमुळे फास स्टॅबिलायझरवरच लोंबत असेल आणि बोर्डाच्या डेकवर फूटस्ट्रॅपसाठी (पाय अडकवण्याच्या पट्ट्यांसाठी) इन्सर्ट, म्हणजे स्क्रू बसवायची आटे असलेली भोके, असतील, तर तिथे नवी जोडणी करता येते. मजबूत नायलॉनच्या पट्टीचा लहान तुकडा घेऊन, दुमडून, दोन्ही थरांमधून तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावे; उष्णतेने धागे वितळून भोकाची कड बंद होते आणि पट्टी उसवत नाही. त्यावर रुंद स्टीलचे वॉशर ठेवून इन्सर्टच्या मापाचा, बहुधा एम६चा (६ मिमी जाडीचा), गंजरोधक स्क्रू बसवावा. स्क्रूची लांबी हा यातला कळीचा मुद्दा आहे: फार लांब स्क्रू इन्सर्टच्या तळाला भिडून बोर्डाचे आतले आवरण फोडतो, फार आखूड स्क्रू दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि ओढीने निघून येतो. इन्सर्टची खोली काडीने मोजून मगच स्क्रू घ्यावा. मागच्या पायाच्या पुढे अशी जोडणी केली की दोरी टेलवर जातच नाही. कमरेच्या पट्ट्यासोबत ही मांडणी फार चांगली चालते.

या जोडणीचा एक परिणाम आधीच माहीत असावा. टेलला बांधलेला बोर्ड लाटेने ओढला की नोज (बोर्डाचे पुढचे टोक) किनाऱ्याकडे आणि टेल माणसाकडे राहते, म्हणजे फॉइल दोरीच्या जवळच्या टोकाला येते. मध्यावर बांधलेला बोर्ड आडवा होतो आणि पाण्यात जास्त रोध घेतो; झटका मोठा बसतो, पण लाटेबरोबर तो सरळ सुसाट जात नाही. डेकच्या पुढच्या भागात बांधला तर नोज माणसाकडे आणि फॉइल दूर राहते, परंतु दोरी पायांच्या पुढे येते आणि उभे राहताना अडथळा होतो. पॅडल करून लाट पकडणाऱ्यांनी टेल किंवा मध्याच्या थोडे मागे, आणि विंग धरून उभे राहणाऱ्यांनी मध्य किंवा पुढचा भाग, असे मला योग्य वाटते. डेकवर चिकटवायचे प्लग लाटांमध्ये वापरू नयेत. लीश मास्टच्या बोल्टखाली किंवा तळाच्या ट्रॅकमध्ये बांधण्याचा मार्गही टाळावा, कारण दोरी तळाकडून रेलला वळसा घालून वर येते आणि वेढा मुळातच तयार असतो.

ढिला भाग आवरण्यासाठी कफपासून वीतभर अंतरावर दोरीच्या दोन घड्या करून त्या वेल्क्रोच्या लहान पट्टीने सैल धरून ठेवण्याची युक्ती उपयोगी आहे. पडल्यावर ताण येताच पट्टी उघडली पाहिजे आणि दोरी पूर्ण लांबीची झाली पाहिजे. म्हणून वेल्क्रोचा एकमेकांवर येणारा भाग बोटाच्या पेराएवढाच ठेवावा आणि पट्टीचे एक टोक दोरीला शिवून टाकावे, म्हणजे ती समुद्रात हरवत नाही. रबर बँड याच कामाला वापरले जातात, पण ते तुटून पाण्यात राहतात. लवचिक शॉक कॉर्ड लावून लीश आखूड करण्याचा प्रकार मात्र मला पटत नाही, कारण त्यामुळे सरळ लीशला कॉइलचा उलट झटका मिळतो.

कमरेचा पट्टा आणि सुटका

कमरेला लीश बांधायची असेल तर ओढताच सुटणारा क्विक रिलीज असलेला पट्टाच वापरावा. पायाचा कफ कमरेच्या साध्या पट्ट्यात अडकवणे धोक्याचे आहे: दोरी मागे ताणली गेली की गाठ पाठीवर जाते, आणि तिथे हात पोहोचत नाही. पट्टा अंगावर घालून, दुसऱ्या माणसाला लीश जोराने ओढायला सांगून, डोळे मिटून आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने सुटका करून पाहावी. ताण नसताना सुटणारे अनेक पट्टे ताणाखाली अडकतात. पट्टा गोल फिरून सुटकेचा गोळा पाठीमागे जात असेल, तर पट्टा सैल आहे. वाहत्या पाण्यात, म्हणजे नदीच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या प्रवाहात किंवा खांब, बोया आणि नांगराच्या दोऱ्या असलेल्या जागी, पायाला बांधलेली लीश वापरूच नये. तिथे दोरी अडकली आणि प्रवाहाने अंग ताणून धरले की वाकून पायापर्यंत पोहोचणे अशक्य होते.

लीशशिवाय फॉइल करणे अधिक सुरक्षित आहे, कारण पडल्यावर फॉइल जवळ राहत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे. पण सुटलेला फॉइल बोर्ड किनाऱ्याच्या बाजूला असलेल्या प्रत्येक माणसाकडे जातो, आणि त्याला तो येताना दिसेलच असे नाही. त्यामुळे किनाऱ्याच्या बाजूला कोणीही नसेल तेव्हाच हा मुद्दा लागू पडतो. लीश बांधल्यानेही हा प्रश्न पूर्ण सुटत नाही. ६ फुटी लीश आणि साडेचार फुटी बोर्ड मिळून साडेदहा फुटांची त्रिज्या होते, आणि ताणलेल्या दोरीने ती आणखी वाढते. इतरांपासूनचे अंतर या त्रिज्येवरून ठरवावे. डोक्यावर हेल्मेट आणि अंगावर इम्पॅक्ट व्हेस्ट (मार सोसणारे जाकीट) हे लीश कोणतीही असली तरी हवेच.

बदल केल्यानंतरची चाचणी

एका वेळी एकच बदल करावा. कफची जागा, दोरीचा प्रकार आणि जोडणीची जागा हे सगळे एकदम बदलले तर कशामुळे फरक पडला हे कळत नाही, आणि नवा त्रास उद्भवला तर मागे कुठे जायचे तेही समजत नाही. माझ्या मते क्रम असा असावा: आधी प्लगची लहान दोरी आणि स्विव्हल ठीक करावेत, मग कफ वर न्यावा, मग दोरीचा प्रकार बदलावा, आणि जोडणीची जागा सर्वांत शेवटी बदलावी. पहिल्या दोन पायऱ्यांवरच बऱ्याच जणांचा त्रास संपतो.

चाचणी शांत पाण्यात, मास्टच्या लांबीपेक्षा बरीच अधिक खोली असलेल्या आणि आजूबाजूला कोणी नसलेल्या जागी करावी. बोर्डावर गुडघ्यांवर बसून मुद्दाम डावीकडे, उजवीकडे आणि मागे पडून पाहावे. पडताना बोर्ड पायाने दूर ढकलावा, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती ठेवावेत. प्रत्येक वेळी वर आल्यावर लगेच बोर्डाकडे न जाता क्षणभर थांबून पाहावे: फॉइल कोणत्या दिशेला आहे, दोरी मास्टच्या कोणत्या बाजूला आहे, आणि आखडणारी दोरी बोर्डाला आपल्याकडे किती आणते. मागे पडल्यावर बोर्ड हाताच्या अंतरापर्यंत परत येत असेल तर लीश फार आखूड आहे किंवा फार ताणणारी आहे, आणि ती लाटांमध्ये नेण्यापूर्वी बदलली पाहिजे. डावीकडे पडल्यावर सगळे ठीक आणि उजवीकडे पडल्यावर वेढा, असे होत असेल तर कफवरचा टोकदार भाग आत वळला आहे का ते आधी पाहावे. तो बरोबर असेल तर जोडणी बोर्डाच्या मध्यरेषेवर आहे का, हे मोजावे. दोन इन्सर्टच्या रांगांपैकी एका बाजूच्या इन्सर्टला पट्टी लावलेली असली की दोरी सतत त्याच रेलवरून पडते. अशा बोर्डावर एका बाजूच्या पट्टीऐवजी दोन्ही बाजूंच्या इन्सर्टना जोडणारी, मध्यावर कडी असलेली लांब पट्टी बसवावी आणि तीन्ही दिशांना पडण्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी.